भीती घरापासून किती लांब?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून गाभा तेवढा देते:

‘‘माझं वय ४५. भयपटांपासून मी आजवर चार हात लांबच राहिले. लहानपणी दाराच्या फटीतून कुठला तरी सिनेमा दोन मिनिटं पाहिला होता, तेवढाच अनुभव. आता माझ्या १९ वर्षांच्या मुलाला सिनेमाचं वेड लागलंय. ‘आई, जुने गाजलेले भयपट आपण दोघं मिळून बघू, दर शनिवारी एक,’ असं तो म्हणाला. या वयात मुलगा आपणहून जवळ येऊन बसतोय याचंच मला अप्रूप, म्हणून मी हो म्हटलं. पहिल्या शनिवारी त्याच्या लॅपटॉपवर ‘नोस्फेरातू’ पाहिला. भीती तर नाहीच, डुलकी लागली. मध्ये मोबाइलही बघितला. तो बोलला काही नाही, पण हिरमुसला. दुसऱ्या शनिवारी त्याने थेट ‘द एक्सॉर्सिस्ट’ लावला. दवाखान्यात त्या मुलीच्या तपासण्या चालतात तिथे मी उठले, ती परत बसलेच नाही. त्यानंतर चार रात्री दिवा लावून झोपले. मुलगा म्हणतो, ‘आई, नुसता सिनेमा आहे तो.’ एक बघून झोप येते, दुसरा बघून झोप उडते. दोष माझ्यातच आहे का? हा नाद सोडून द्यावा, की हळूहळू सवय होते?’’

प्रिय ताई,

दोष तुमच्यात नाही, हे आधी सांगून टाकते, कारण तेच तुम्हाला आत कुठेतरी टोचतंय. पहिल्या शनिवारी तुम्हाला सिनेमा धड दिसलाच नाही आणि दुसऱ्या शनिवारी तो नको इतक्या जवळून दिसला. दोन्हीला इलाज आहे. नाद मात्र सोडू नका. मुलगा दर शनिवारी आईसाठी वेळ राखून ठेवतो, ही गोष्ट दोन फसलेल्या संध्याकाळींवरून मोडीत काढण्यासारखी नाही.

आधी डुलकीचं बघू. ‘नोस्फेरातू’ हा एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या दिग्दर्शकाचा १९२२ सालचा जर्मन मूकपट. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या कादंबरीवर तो परवानगी न घेताच बेतला होता. स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोचला. पण म्हणूनच त्याच्या बऱ्या-वाईट नाना प्रती फिरत असतात, आणि वाईट प्रत हाती लागली की सिनेमाचा जीवच गेलेला असतो.

त्याचं एक कारण सांगते, ते कळल्यावर तुमचा स्वतःवरचा राग जाईल. त्या काळी रात्रीचे बरेच प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करत आणि नंतर फिल्मचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवत. निळं दिसलं की रात्र, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. रंग उडालेल्या प्रतीत काय होतं? सिनेमातला पिशाच्च-उमराव काउंट ऑर्लोक आपली शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावातून चाललेला दिसतो. आणि गोष्ट तर अशी की या पिशाच्चाला सूर्याच्या किरणांनी मरण आहे. (ही कल्पनाही याच सिनेमाची. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो-फिरतो.) ज्याला ऊन सोसत नाही तोच लख्ख उन्हात फिरतोय म्हटल्यावर कसली भीती आणि कसलं काय! तीच गत वेगाची. त्या वेळचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला चित्रं कमी टिपली जात. ती फिल्म आजच्या वेगाने पळवली की माणसं तुरुतुरु धावायला लागतात आणि हसू येतं. संगीताचंही तसंच. मूळ संगीताचा बराच भाग हरवलेला आहे, त्यामुळे प्रत्येक प्रतीला कोणी ना कोणी नंतर दिलेलं संगीत असतं, आणि ते कधी कधी अगदीच विजोड असतं. तेव्हा जीर्णोद्धार केलेली, रंग पुन्हा चढवलेली प्रत शोधायला मुलाला सांगा. पण लगेच नको. ‘नोस्फेरातू’ दोन-तीन महिन्यांनी परत बघा, खोलीतले सगळे दिवे मालवून आणि मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. त्यात एक जिना आहे. ऑर्लोक स्वतः दिसत नाही, भिंतीवर फक्त त्याची सावली चढत जाते. पाठीला पोक, हात पुढे, आणि बोटं नको तेवढी लांब. उजेडातल्या लॅपटॉपवर ही सावली म्हणजे एक काळा डाग. अंधारात मोठ्या पडद्यावर पाहिली की तुम्ही आपोआप दाराकडे बघाल.

आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी शिस्त म्हणून सांगत नाहीये. जुन्या भयपटात भीती एकदम अंगावर येत नाही, ती साचत जाते. मधली दोन मिनिटं सुटली की साचलेलं सगळं सांडून जातं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं.

आता झोप उडाली त्याबद्दल. बहुतेक लोक भयपटांची यादी घेतात आणि एक तर सालाप्रमाणे बघत जातात, नाहीतर प्रसिद्धीप्रमाणे. तुमच्या मुलाने प्रसिद्धीची वाट धरली. तुमच्यासारख्या नव्या आणि हळव्या प्रेक्षकाला मी वेगळं माप सुचवते. सिनेमातली भीती तुमच्या घरापासून किती लांब राहते, ते बघायचं. सिनेमा संपल्यावर, दिवे लागल्यावर, ती तिथेच राहते की तुमच्या मागोमाग आत येते?

या मापाने बघितलं तर भयपटांचा सगळा इतिहासच एका दिशेने सरकताना दिसतो. १९२२ मधलं पिशाच्च दूरच्या डोंगरातल्या गढीतून निघतं. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला, प्रेतांचे तुकडे शिवून जिवंत माणूस घडवायचा प्रयोग एका जुनाट मनोऱ्यात होतो. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये भीती शहरातल्या रस्त्यावर येते, घरी परतणाऱ्या बाईच्या मागे चालायला लागते. १९६० मध्ये ‘सायको’ तिला न्हाणीघरात आणतो. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’मध्ये ती लेकीच्या खोलीत, तिच्या पलंगावर असते. आणि १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये भरदिवसा, शांत वस्तीत, कुंपणाच्या झुडपाशी एक मुखवटा घातलेला माणूस नुसता उभा असतो. पन्नास-पंचावन्न वर्षांत भूत डोंगर उतरलं आणि थेट उंबरठा ओलांडून आत आलं. तुमच्या मुलाने तुम्हाला एका आठवड्यात ही सगळी वाट चालायला लावली. गढीवरून एका उडीत निजायच्या खोलीत! कोणाचीही गाळण उडाली असती.

(हे अंतर नुसतं मैलांत मोजायचं नाही, हेही लक्षात असू द्या. १९७९ चा ‘एलियन’ अंतराळात घडतो, म्हणजे घरापासून याहून लांब जागा सापडणार नाही. पण त्यातलं संकट माणसाच्या शरीरात शिरतं. शरीराहून जवळचं घर कोणतं? तोही इतक्यात नको.)

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही कुठे उठलात? दवाखान्यातल्या तपासण्यांच्या वेळी. पुजारी, मंत्र, गरगर फिरणारं डोकं, ज्यासाठी हा सिनेमा ओळखला जातो त्यातलं बहुतेक सगळं तेव्हा अजून यायचं होतं. पडद्यावर होती ती एक आई. लेकीला काहीतरी होतंय, डॉक्टर यंत्रांवर यंत्रं लावतायत, सुया टोचतायत, आणि काय झालंय ते कोणालाच सांगता येत नाहीये. तुम्ही भुताला घाबरून उठला नाहीत, ताई. तुम्ही आई म्हणून उठलात. हा सिनेमा बरेच जण भुताचा म्हणून बघायला बसतात आणि त्यातली अनेक आई-वडील माणसं नेमकी तिथेच गलबलतात. त्याला भित्रेपणा म्हणायचा नाही. उलट दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला जे पोचवायचं होतं ते तुमच्यापर्यंत सर्वांत आधी पोचलं.

चार रात्रींनी तुम्हाला दिवा मालवता आला, हे चांगलं लक्षण आहे. आठवडेच्या आठवडे झोप लागली नसती तर मी सिनेमांबद्दल काही न लिहिता तुम्हाला डॉक्टरांकडेच जायला सांगितलं असतं.

‘सवय होते का?’ असं विचारलंत. थोडी होते. दचकायची सवय होते, कारण दचकवायच्या युक्त्या फार नाहीत आणि त्या ओळखीच्या होतात. मूळ भीतीची मात्र होत नाही, आणि ती व्हावी असंही मला वाटत नाही. आपल्याला कशाची भीती वाटते ते कळत जातं, एवढं खरं. मला स्वतःला राक्षस, पिशाच्चं, जिवंत झालेली प्रेतं यांचं काही वाटत नाही. पण बंद दाराच्या पलीकडून येणारा आवाज मला आजही सहन होत नाही, आणि असे किती तरी सिनेमे पाहूनही त्यात तसूभर फरक पडलेला नाही. ते कळल्यापासून मी सिनेमे निवडताना शहाणी झाले, एवढंच.

आता एक बाब चमत्कारिक वाटेल अशी सांगते. भित्र्या माणसाला लोक सल्ला देतात, ‘ज्यात काही दाखवत नाहीत असा बघ, तो सौम्य असतो.’ हे अगदी उलटं आहे. राक्षस पडद्यावर नीट दिसला की त्याला माप येतं. एवढा उंच, असा चालतो, इथे शिवण घातलेली आहे. न दिसणाऱ्याला माप नसतं, ते आपण पुरवतो, आणि आपल्यापाशी असलेलं सगळ्यात वाईट तेच पुरवतो. १९६३ चा ‘द हॉन्टिंग’ याचा नमुना आहे. रॉबर्ट वाइजच्या या सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. एक जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगत येतं, जणू पलीकडून कोणी रेलतंय. आणि अंधारात एकमेकींचा हात धरण्याचा एक प्रसंग आहे, त्याबद्दल पुढे मी काही सांगणार नाही. रक्ताचा थेंब नाही, पण तो मी तुम्हाला अगदी शेवटी ठेवायला सांगेन.

म्हणून सुरुवात राक्षसापासून. जेम्स व्हेलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’, १९३१. जेमतेम ७० मिनिटांचा आहे, त्यामुळे संध्याकाळी बघून झाल्यावर जेवायला, गप्पा मारायला वेळ उरतो. ही सोय लहान समजू नका. भयपट संपला की थेट अंथरुणात जायचं नाही, मध्ये दिवे लावून तासभर तरी दुसरं काही करायचं. सिनेमा सुरू होताना श्रेयनामावली लक्ष देऊन बघा. राक्षसाच्या नावासमोर नटाचं नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. नाव शेवटी येतं, बोरिस कार्लॉफ. तोवर तुम्हाला तो राक्षस वाटेनासा झालेला असेल.

त्यात एका प्रसंगाची आगाऊ कल्पना देते, कारण तुम्ही आई आहात. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याला फुलं देते. दोघं फुलं पाण्यात टाकून ती तरंगताना बघतात. त्याच्या हातातली फुलं संपतात, आणि तो भाबडेपणाने तिलाच पाण्यात टाकतो. तीही तरंगेल असं त्याला वाटतं. हा तुकडा पुढे बरीच वर्षं कापलेला होता. राक्षस मुलीकडे हात नेतो तिथेच प्रसंग तुटायचा आणि नंतर एकदम बाप मुलीचं प्रेत उचलून गावातून चालत येताना दिसायचा. मध्ये काय घडलं ते ज्याने त्याने मनात भरलं, आणि मनाने भरलेलं मूळच्यापेक्षा कितीतरी घाणेरडं होतं. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. झाकल्याने भीती वाढते म्हणतात ती अशी. तुम्हाला तो प्रसंग ठाऊक असला की तुम्ही तो सोसू शकाल. नकोसा वाटला तर तेवढा वेळ उठून या.

आधी गोष्ट वाचून घेतली तर मजा जाते, असं मुलगा म्हणेल. बहुतेक भयपटांच्या बाबतीत मला ते पटत नाही. नव्या माणसाने खुशाल आधी वाचावं. धक्का कमी होतो आणि बघणं वाढतं. अपवाद ‘सायको’चा. तो लागला तेव्हा उशिरा येणाऱ्याला थिएटरात घेऊ नये असा आल्फ्रेड हिचकॉकचा आग्रह होता. तो काही न वाचता, दुपारच्या उजेडात बघा. दुसरा अपवाद क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५५ चा ‘दियाबोलिक’. त्याच्या शेवटी पडद्यावरच विनंती येते की तुम्ही पाहिलंत ते इतरांना सांगू नका. ती मी पाळते.

‘फ्रँकेन्स्टाइन’ जमला तर पुढचा ‘कॅट पीपल’ घ्या. तोही सव्वा तासाच्या आत संपतो. निर्माता वॅल लुटन, दिग्दर्शक जाक तूर्नर, आणि पैसा फारच थोडा, त्यामुळे अंधार हाच त्यांचा सगळा डामडौल. त्यात एक बाई रात्री एकटी चालली आहे. रस्त्याच्या दिव्यांखाली उजेडाची वर्तुळं, मध्ये काळोख. तिच्या पावलांचा टक टक आवाज, आणि मागे दुसऱ्या टाचांचा. ती पाय उचलते. मग लक्षात येतं की मागचा आवाज थांबलाय. गेला कुठे? ती वळून बघते, रस्ता रिकामा. ती जवळजवळ धावायला लागते, आणि अचानक कानाशी श्वापदाने फिस्कारावं तसा आवाज येतो. बस! ब्रेक दाबत एक बस तिच्या आणि आपल्या मध्ये येऊन उभी राहते. काहीही झालेलं नाही. सिनेमावाले अशा पोकळ दचकवण्याला आजही ‘लुटन बस’ म्हणतात. तुम्ही दचकाल, आणि पुढच्या क्षणी दोघंही हसाल. तुमच्या शनिवारांना आत्ता नेमकं हेच हवं आहे.

याच प्रसंगातून एक युक्ती घ्या. भीती वाटली की आपण डोळे झाकतो. झाकू नका, आवाज कमी करा. भयपटात घाबरवण्याचं काम डोळ्यांपेक्षा कान जास्त करतात, आणि डोळे मिटले की कानांना मोकळं रानच मिळतं. ‘सायको’मधला न्हाणीघराचा प्रसंग आधी पूर्ण आवाजात आणि मग आवाज बंद करून बघा. बर्नर्ड हर्मनने त्या सिनेमाचं संगीत फक्त तंतुवाद्यांवर रचलं. हिचकॉकला त्या प्रसंगात आधी संगीत नकोच होतं, पण हर्मनचं ऐकल्यावर त्याने मत बदललं. आवाज काढून घेतलात की उरतात भराभर बदलणारे तुकडे, आणि रक्त म्हणून वापरलेला चॉकलेटचा पाक. कृष्णधवल सिनेमात तो रक्तासारखा दिसतो.

इथे तुमच्या मुलाशी दोन शब्द बोलते, हे त्याला वाचून दाखवा. बाळा, तू आईला हे सिनेमे दाखवतोयस ही फार सुंदर गोष्ट आहे. पण ‘नुसता सिनेमा’ असं पुन्हा म्हणू नकोस. तुझं ज्याच्यावर एवढं प्रेम आहे त्याला तू ‘नुसता’ कसा म्हणतोस? ‘सायको’मध्ये शॉवरखाली उभी होती ती जॅनेट ली. तो प्रसंग करायला आठवडा गेला. तिला कॅमेरा कुठे होता ते ठाऊक होतं, पाक ठाऊक होता, सुरी अंगाला लागत नव्हती हे तर तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तयार झालेला सिनेमा पाहिल्यावर तिने शॉवर घेणं सोडलं, असं तिने स्वतः सांगितलंय. जिने तो केला तिला ‘नुसता सिनेमा’ म्हणता आलं नाही, मग तुझ्या आईने का म्हणावं? ती उठली तर ‘काय आई!’ म्हणू नकोस. थांबव, दिवा लाव, आणि तुला त्यात काय दिसतं ते सांग. ‘द एक्सॉर्सिस्ट’मधल्या त्या खोलीत पात्रांच्या तोंडातून वाफ निघते, ती खरी आहे. सेट बर्फासारखा गार केला होता. राक्षसी आवाज त्या मुलीचा नाही, मर्सिडीज मॅककेंब्रिज नावाच्या अनुभवी अभिनेत्रीचा आहे. अशा गोष्टी तुला माहीत असतील. त्या आईला आधी सांग.

आणि ताई, ‘द एक्सॉर्सिस्ट’ पुरा करायलाच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. वर्षभराने वाटलं तर बघा, न वाटलं तर राहू द्या. तो न बघताही तुम्हाला बाकीचे सगळे सिनेमे मोकळे आहेत.

येत्या शनिवारी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लावाल तेव्हा एक जागा चुकवू नका. राक्षस पहिल्यांदा दिसतो तो पाठमोरा, दारातून उलट्या पावली आत येतो आणि सावकाश वळतो. त्याला खुर्चीवर बसवतात. तो आजवर अंधारात ठेवलेला आहे. मग छतातली झडप उघडतात आणि त्याच्या तोंडावर आयुष्यातला पहिला उजेड पडतो. तो वर बघतो, हळूहळू उभा राहतो आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो, जणू तो धरता येईल. झडप बंद होते. हात तसेच खाली येतात, आणि ज्याने आपल्याला घडवलं त्याच्यापुढे तो ते पसरतो, बोलता येत नसलेल्या मुलासारखे. तिथे तुम्हाला भीती वाटणार नाही बहुतेक. सिनेमा संपला, दिवे लागले की मुलाला विचारा, त्याने हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी त्याला काय वाटलं होतं.